बेकरीतली बाई

तळेगाव दाभाडे,
११ नोव्हेंबर १९५६

ती. ताईस,
सुमनचा नमस्कार.

दिवाळी होऊन आठवडा झाला आणि पत्र आज लिहिते आहे. दिवाळसणाला आम्ही दोघं चिंचवडला आलो, तेव्हा तू चिखलीला आत्याकडे निघून गेली होतीस. ताटात करंज्या तुझ्या हातच्या होत्या, तू नव्हतीस. ह्यांनी विचारलंसुद्धा, एवढा फराळ कुणी केला म्हणून. आबा म्हणाले, शेजारणींनी हातभार लावला. मी वाढत होते, वाढत राहिले.

इकडे मी एका पेचात सापडले आहे. ही मंडळी मला पाहायला आली होती, त्या दिवशीचा तुझा केक अजून कुणी विसरलेलं नाही. तू ओसरीभर लावलेल्या रंगीत कागदांच्या साखळ्या, आरशाभोवतीची झालर, बशीतली ती नानकटाई, सगळं सासूबाईंना पाठ आहे. ‘आमच्या सुमनच्या हातचं आहे,’ असं आत्या तेव्हा म्हणाली आणि मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला. मामंजी तर आळीत सांगत सुटले, की डोलीतून आलेली नव्हे, केकवरून आलेली सून आहे.

आता माझी नणंद, कुसुमताई, हिच्या मुलाचा पहिला वाढदिवस आमच्याकडे करायचा ठरलाय. तिची सासरची माणसं थेरगावहून येणार. सासूबाईंनी त्यांना शब्द दिला, की आमची सून केक करील आणि घर सजवील. तारीख सोळा डिसेंबर.

मला तर शेगडीवर साधी भाकरीसुद्धा धड फुगवता येत नाही, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? आई गेल्यापासून तूच मला करून घातलंस. तेव्हा सगळं सविस्तर लिहून पाठव. पत्र पाकिटातूनच पाठव आणि मागं नाव आबांचं घाल. तुझं नाव इथं अजून निघालेलं नाही. टाकलेली बहीण घरात आहे कळलं की धाकटीचं जमत नाही, असं आत्या तेव्हा म्हणाली होती. आता जमलंय, पण मध्येच कसं सांगू ते कळत नाही.

तुझी
सुमन


चिंचवड,
१६ नोव्हेंबर १९५६

चि. सुमन हिला ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. आबांना वाचून दाखवताना शेवटच्या चार ओळी गाळल्या.

आता नीट वाच. दोन वाट्या मैदा, वाटीभर लोणी, सव्वा वाटी पिठीसाखर. लोणी आणि साखर एकाच बाजूनं फेसायची. हात दुखायला लागला की थांबायचं नाही, तिथून पुढं केक सुरू होतो. मग वाटीभर आंबट दही, त्यात चहाचा एक चमचा सोडा. सोडा घातल्यावर गप्पा मारत बसू नको. अंडी घालायची गरज नाही, म्हणजे कुणी खायला का कू करणार नाही.

मोठ्या पातेल्यात चार बोटं वाळू घाल आणि ती आधी पाऊण तास तापव. वाळूवर केकचा डबा ठेवायचा. वरच्या झाकणावर निखारे, खाली मंद आच. वरचे निखारे खालच्यापेक्षा जास्त हवेत. लोक इथंच चुकतात. विणायची सुई खुपसून बघ, कोरडी निघाली की झालं. मी पहिले चार केक जाळले, तेव्हा नूरबी म्हणाली होती, की जळलेला केक शिकवतो आणि चांगला केक नुसता खाल्ला जातो.

नूरबी तुला आठवतेच, स्टेशनाजवळच्या बेकरीवाल्या रहिमानभाईंची बायको. तुझ्या लग्नात चार दिवस मी तिच्याच घरी होते. तिनं मला एकदासुद्धा विचारलं नाही, की घरी लग्न असताना तू इथं कशी.

साखळ्यांना पतंगाचा कागद आण, गुलाबी आणि पोपटी जास्त. मैद्याची खळ पातळ कर, नाहीतर कागदाचा रंग उतरतो. झालरीला आठ घड्या घालून मग कात्री चालव.

आणि एक. पाहायला आले त्या दिवशी मी धान्याच्या कोठीत बसले होते, ते तू मनाला लावून घेऊ नको. मी आपणहून गेले होते. आतून कडी मीच लावली.

माझं बरं चाललंय. दिवस जातो. उजव्या मनगटावर थोडं भाजलंय, आपल्याच शेगडीचं.

ताई


तळेगाव दाभाडे,
२८ नोव्हेंबर १९५६

ती. ताईस नमस्कार.

केक झाला नाही. तीनदा केला. एकदा खालून कोळसा, एकदा मध्ये कच्चा, आणि तिसऱ्यांदा सोडा किती घातला ते मलाच आठवेना, कडू झाला. मी म्हणाले, इथली शेगडी वेगळी आहे. सासूबाईंनी जळका भाग सुरीनं खरवडला आणि उरलेला चहात बुडवून खाल्ला. म्हणाल्या, ‘नव्या घरात हात बसाया येळ लागतोच.’ त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

साखळ्या मात्र छान झाल्या आहेत. मामंजी स्वतः स्टुलावर चढून खिळे ठोकताहेत आणि आल्यागेल्याला दाखवताहेत. कुसुमताई माहेरपणाला आली आहे, ती माझ्याकडून झालर कापायला शिकली. सगळं घर हसतंय आणि मी सोळा तारखेचे दिवस मोजते.

ताई, तू तिथं केक करून पाठवशील? नूरबीचा भाऊ बरकत सकाळच्या पॅसेंजरनं तळेगावला पाव घेऊन येतो, हे मला माहीत आहे. सोळा तारखेला मी देवळात जाते म्हणून स्टेशनावर येईन. डबा घेईन आणि मागच्या दारानं आत आणीन. फक्त एवढी एक वेळ.

सुमन


चिंचवड,
३ डिसेंबर १९५६

चि. सुमन हिला आशीर्वाद.

पाठवते. आधी वाटलं, नाही म्हणावं. आज वाढदिवस, उद्या संक्रांत, परवा बारसं, तू किती वेळा देवळात जाशील? पण त्या लेकराचा पहिला वाढदिवस आहे आणि त्यानं काही केलेलं नाही.

नाव काय बाळाचं, ते कळव. वर लिहीन. बरकत सव्वानऊला उतरेल. डबा आडवा धरू नको.

ताई


तळेगाव दाभाडे,
१८ डिसेंबर १९५६

ती. ताईस,

वाढदिवस चांगला झाला. केक सगळ्यांना आवडला. वरचा पिवळा पक्षी कापायला कुणी तयार होईना, शेवटी बाळानंच त्यात मूठ घातली.

पण तू मला सांगितलं नाहीस, की तू रहिमानभाईंच्या बेकरीत कामाला जातेस. हे मला परक्याच्या तोंडून कळावं? आबांना हे चालतं? चिंचवडातले लोक काय म्हणत असतील? घरात बसून चार घास मिळत नव्हते का तुला? मी स्टेशनावर निघणार, तेवढ्यात थेरगावची मंडळी आली आणि मला हलता आलं नाही. बरकतनं तिथंच थांबायला हवं होतं. तो पत्ता विचारत सरळ ओसरीत आला. त्याला समज दे.

डबा घासून ठेवला आहे, कुणाबरोबर तरी पाठवते.

सुमन


चिंचवड,
२४ डिसेंबर १९५६

सुमन,

डबा परत पाठवू नको. राहू दे तिकडेच.

बरकतला मी एवढंच विचारलं होतं, की केक मोडला नाही ना. तो रिकाम्या टोपल्या रचत राहिला. नूरबीनं त्याला बोलतं केलं. त्याच्या मनात काही नव्हतं गं. भरल्या ओसरीत तो तुझ्या सासूबाईंना म्हणाला, की इंदुताईंनी केक पाठवलाय, पहाटे उठून केलाय, आता आमच्या बेकरीतले सगळे केक त्याच करतात. तुझ्या सासूबाईंनी तुला विचारलं, ‘इंदुताई कोण गं?’ आणि तू म्हणालीस, ‘कोणी नाही. बेकरीतली बाई आहे. घाई होती म्हणून विकत मागवला.’

बरकत सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. जणू ते त्यानंच म्हटलं होतं.

बेकरीतली बाई हे खोटं नाही. गणपती झाल्यापासून मी तिथं आहे. सकाळी नऊ ते सहा. मनगट भाजलं ते तिथल्या भट्टीवर, शेगडीवर नव्हे. तुला लिहिलं नाही, कारण तुझ्या सासरी कळलं तर तुला खाली बघावं लागेल असं वाटलं. पिंपरीत नवा कारखाना झालाय, त्याच्या वसाहतीतल्या बायका येतात आणि मुलांच्या वाढदिवसाला केक सांगून जातात. कागदाच्या पुडीतून साखरेची वेलबुट्टी काढायला मला आवडतं. सहा वर्षांपूर्वी नवऱ्यानं मला आबांच्या दारात आणून सोडलं, तेव्हापासून कुणी माझ्यासाठी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. आता लोक म्हणतात, इंदुताई आल्या की सांगतो, तोवर थांबतो.

आबा पहिले आठ दिवस बोलले नाहीत. आता संध्याकाळी स्टेशनावर फिरायला येतात आणि मला घेऊन घरी जातात.

‘बेकरीतली बाई’चं मला काही वाटलं नाही. त्याच्या आधीचे दोन शब्द होते, ते लागले.

ताई


तळेगाव दाभाडे,
२० फेब्रुवारी १९५७

ती. ताईस,
सुमनचा साष्टांग नमस्कार.

दोन महिने पत्र लिहिलं नाही. लिहायला बसायची आणि ‘ती. ताईस’ एवढं लिहून कागद चुलीत घालायची.

मला पाचवा महिना लागलाय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाई म्हणाल्या, की नानकटाई कर, बायका विचारताहेत. मी हाताला चिंधी बांधली आणि मनगट मुरगळलं म्हणून सांगितलं. त्यांनी पंधरा दिवस रोज हळद गरम करून माझ्या धडधाकट हाताला लेप लावला. मी हात पुढं करून बसायची.

परवा सकाळी मला उलट्या होत होत्या. त्या पाठीवरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरी, पण तिथं तुला आई नाही, मग करणार कोण? आणि मला आवरलंच नाही. मी म्हणाले, ‘माझी मोठी बहीण करील. मला बहीण आहे.’

मग सगळं सांगितलं. केक कुणाचा, साखळ्या कुणी शिकवल्या, लग्नात तू कुठं होतीस, बरकतनं आणलेला डबा, सगळं. त्या ऐकत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, फसवलंत आम्हाला. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या,

‘तुला थोरली भन हाय आन ती नवऱ्यानं टाकलीया, हे आमाला पसंतीच्या आदीच ठावं व्हतं. चौकशी केल्याबिगर कुणी सून आणतं व्हय? तू आज सांगशील, उद्या सांगशील, म्हून मी वाट बघत हुते. त्या दिशी चार मान्सांत ‘इंदुताई कोण’ इचारलं, ते तू एकदाच बोलून मोकळी व्हावीस म्हून.’

मी काहीतरी पुटपुटले, की मला भीती वाटली. त्या म्हणाल्या, ‘केकचं मला काय बी न्हाई. पर सख्ख्या भनीला कुनी न्हाई म्हननारी पोर माझ्या घरात हाय, याची मला लाज वाटती.’ आणि उठून गेल्या. आवाज चढला नाही. त्या दिवसापासून माझं सगळं करतात, पथ्यपाणी बघतात, पण माझ्याकडे बघून हसत नाहीत.

आणखी एक आहे. ते त्यांनाही सांगितलेलं नाही. पाहायला आले त्या दिवशी तुला कोठीत बसवायचं आत्याच्या मनात आलं नव्हतं. ती म्हणत होती, इंदू स्वयंपाकघरात राहील, कुणी विचारलं तर बघू. मीच तिच्या पाया पडले. मीच म्हणाले, तिला कुठंतरी ठेव, माझं मोडेल. आणि तू लिहितेस, की कडी तू लावलीस.

मला तुझ्यासमोर उभं राहायचं तोंड नाही. तरी लिहिते आहे, कारण न लिहिणं त्याहून वाईट झालंय.

सुमन


चिंचवड,
२७ फेब्रुवारी १९५७

चि. सुमन हिला आशीर्वाद.

पाचव्या महिन्यात रडत बसू नको, आधी ते.

स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत आहे. तू आत्याला काय म्हणालीस, ते मी त्याच दिवशी ऐकलं होतं. तू तिचे पाय धरलेस तेव्हा तुझ्या बांगड्या वाजल्या, तेही ऐकलं. मी केकवर साखर भुरभुरवत होते. ताट तसंच ठेवलं आणि कोठीत जाऊन बसले, म्हणजे तुला येऊन सांगायला लागू नये. कडी मी लावली हे खरंच आहे. एवढी वर्षं तुझ्यासाठी जे जे केलं ते ह्याच भरात केलं, की तुला मागावं लागू नये. आता वाटतं, तुला मागायला लावलं असतं तर बरं झालं असतं.

तुला एक सांगायचंय. काल तुझ्या सासूबाई इथं येऊन गेल्या. एकट्या, पॅसेंजरनं. बेकरीच्या पायरीशी उभ्या राहिल्या आणि रहिमानभाईंना म्हणाल्या, इंदुबाई हायेत का. मी पिठाच्या हातांनी पुढं आले. त्यांनी माझे ते हात तसेच धरले. नूरबीनं त्यांना बाकावर बसवून चहा दिला. त्यांनी तो घेतला. पाडव्यानंतरच्या रविवारी तुझं डोहाळजेवण आहे, त्याचं आमंत्रण करायला आल्या होत्या. म्हणाल्या, केक आणायचा नाही, कागद कापायचे नाहीत, नुसतं यायचं आणि पाटावर बसायचं.

मी त्यांना हो म्हटलं नाही. त्यांचं बोलावणं त्यांचं झालं. मला तू बोलवायला हवंस. पत्रानं नको. इथं बेकरीत ये, दिवसा, गिऱ्हाईक असताना. रविवारी आम्ही चारपर्यंत उघडे असतो.

राग गेलाय का, ते मला सांगता येत नाही. तू ये.

ताई


तळेगाव दाभाडे,
४ मार्च १९५७

ती. ताईस,

काल मी आले होते. तुला माहीत नसेल. तुमच्या समोर सायकलवाल्याचं दुकान आहे, त्याच्या छपराखाली उभी होते. तू दिसत होतीस. कुणा बाईला डबा बांधून देत होतीस आणि नूरबी काहीतरी बोलली त्यावर मान मागं टाकून हसलीस. तू अशी हसतेस हे मी विसरले होते. पाच-सहा माणसं होती. त्यांतली एक आपल्या आळीतली छबूबाई होती. ती मला ओळखते. ती जाईपर्यंत थांबावं म्हटलं. ती गेली, तर दुसरं कुणी आलं. मग मी परतीच्या गाडीनं निघून आले.

घरी सासूबाईंनी विचारलं. मी खोटं बोलले नाही. म्हणाले, रस्ता ओलांडता आला नाही. त्यांनी माझं पान वाढलं. इतकंच म्हणाल्या, की पुढल्या रविवारी बी गाडी हाय.

सुमन


चिंचवड,
१२ मार्च १९५७

चि. सुमन हिला ताईचे अनेक आशीर्वाद.

घरी नीट पोचलीस ना? गाडीत बसायला जागा मिळाली का? आबांनी दहा वेळा विचारलं.

परवा तू आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले. आधीच्या रविवारीही मी तुला पाहिलं होतं. सायकलच्या दुकानाच्या छपराखाली निळं लुगडं, पोटाशी धरलेली पिशवी. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर तू आलीच असतीस, पण मला तसं नको होतं. तू गेलीस तेव्हा दोन डबे चुकीच्या बायकांना दिले, रहिमानभाई अजून त्यावरून हसतात.

परवा मात्र तू सरळ आलीस. दुकान भरलं होतं. वसाहतीतल्या त्या बाई होत्या, छबूबाई पुन्हा होती, आणि कुणीतरी तुला म्हणालं, रांगेत या. तू म्हणालीस, ‘मला काही घ्यायचं नाही. ही माझी मोठी बहीण आहे, तिला आमच्या घरी बोलवायला आले आहे.’

सुमन, ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं. स्पष्ट ऐकू आलं होतं. मी मान वर केली नाही. हातातली वेलबुट्टी करत राहिले आणि म्हणाले, ‘काय? काय म्हणालीस?’ तुझा चेहरा पांढराफटक पडला. तुला वाटलं असेल, हिला कळून घ्यायचं नाही. मग तू दुसऱ्यांदा म्हणालीस, एवढ्या मोठ्यानं, की आतल्या भट्टीवरचा बरकत बाहेर आला. नंतर तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, की भट्टीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

ते खोटं होतं. मला ते दोनदा ऐकायचं होतं. सगळ्यांसमोर तू पुन्हा म्हणावंस, आणि म्हणताना तुला जड जावं, असंही वाटत होतं. पोटुशी पोर, तासभर गाडीत उभी राहून आलेली, आणि मी तिला तशी उभी ठेवली. नूरबीला कळलं. तुझ्यासाठी बाक तिनं पुढं ओढला, मी नाही.

ह्याची मला फार लाज वाटते. तू मला तुझं लिहिलंस, म्हणून मी माझं लिहिते.

डोहाळजेवणाला आदल्या दिवशीच येते. बाळंतपणासाठी पुढं दोन महिने रजा मागितली आहे. रहिमानभाई म्हणाले, इंदुताई, तोवर केकवर नावं कोण लिहिणार. मी म्हटलं, थांबायला सांगा.

ताई